चाचीच्या बांगड्यांचं माप

चाची चहा प्यायची तो उकळता. उकळता म्हणजे अगदी उकळता, माझ्या बोलण्यात तिखटमीठ नाही. पातेलं चुलीवरून उतरायचं, पितळेच्या पेल्यात चहा पडायचा, चाची पेला पदरात धरायची आणि वाफ डोळ्यांत जात असताना तीन घोटांत तो संपवायची. मी समोर बशीत ओतून फुंकर घालत बसलेला असायचो. तिला त्याचा मनस्वी तिटकारा. "फुकतुयास काय रं, चूल पेटवायचीय व्हय? गार चा पिनं म्हंजी मढ्याला मिठी मारनं!" असं म्हणून ती मिश्रीनं काळे झालेले दात दाखवत हसायची. तेव्हा मीही हसायचो. आता चहा समोर आला की मी आधी वाफेकडे बघतो आणि वाफ थांबेपर्यंत हात लावत नाही. घरचे म्हणतात, ह्यांचा चहा म्हणजे सरबत. म्हणोत बापडे.

मुळशी तालुक्यात पौडला मी मलेरियाचा कामगार म्हणून लागलो तेव्हा मोठा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली होती. सायकलवरून रिहे, माण आणि डोंगराकडच्या वाड्यावस्त्या फिरायच्या, ताप कुणाला आहे विचारायचं, बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब काचपट्टीवर घ्यायचा आणि भिंतीवर तारीख घालून पुढं निघायचं. पुढं दवाखान्यातल्या सूक्ष्मदर्शकाखाली त्या पट्ट्या बघायलाही शिकलो. खरं सांगायचं तर मी जात्याच भित्रा. दुसऱ्याच्या बोटाला सुई टोचायची नोकरी, आणि स्वतःला टोचायची म्हटलं की घेरी. कुणी खोकलं की मला क्षय, कुणाला पुळी आली की मला देवी. अशा माणसाला बाजारआळीत बांगड्यांचं दुकान असलेल्या चाचांनी घराशेजारची खोली भाड्यानं दिली आणि जेवण चाचीनं आपण होऊन गळ्यात घातलं. आईला मी पत्रात 'खानावळ बरी आहे' एवढंच लिहिलं होतं. मुसलमानाच्या घरची आहे हे लिहिलं नव्हतं. घरात माणसं तीनच. चाचा कानानं जड, सदा दुकानात. चाची. आणि त्यांची एकुलती एक लेक रशिदा, लग्नाला आलेली.

लोकांचं रक्त पितो म्हणून चाचीनं पहिल्याच आठवड्यात माझं नाव 'मच्छर' ठेवलं. "आला गं माझा मच्छर, वाढ त्याला," असं ती दारातून ओरडली की अख्ख्या आळीला कळायचं की सरकारी माणूस जेवायला आला. मी एकदा रुसून म्हटलं, "चाची, मी मच्छर मारायच्या खात्यात आहे." ती म्हणाली, "मग तर लईच वंगाळ. आपल्याच जातीवर उठलायस!" रशिदा तोंडाला ओढणी लावून हसत होती. मला ती दादा म्हणायची आणि माझ्या ताटात भाकरी मोजून न वाढता आईच्या नजरेनं वाढायची.

चाची बांगड्यांची पेटी घेऊन गावोगाव फिरायची. तिच्या हातातलं कसब मी पुन्हा कुठं पाहिलं नाही. समोर आलेला हात ती नुसता दाबून बघायची आणि माप सांगायची. हिला अडीचची, हिला सव्वादोनची. मग बोटं एकत्र मिटायची, अंगठ्याखालचा उंचवटा दाबायचा, आणि कळायच्या आत बांगडी मनगटावर. हातावरून तिला बाकीचंही कळायचं. "ह्या पोरीला सासरी खायाला घालत न्हाईत. गेल्या साली अडीचची हुती, आज सव्वादोन ढिली व्हतिया," असं ती मला वाटेत सांगायची, आणि पुढच्या खेपेला त्या सासूला चारचौघींत बरोब्बर टोला हाणायची. एकदा मी विचारलं, "मग तुमच्या हातात कोण भरतं?" तर म्हणाली, "घट्ट बांगडी आपली आपल्याला भरता येत न्हाई, बाबा. मला बी दुसरं मानूस लागतंच की."

तिचं एक ठरलेलं वाक्य होतं. काच बघून एखादी नवी नवरी हात आखडायला लागली की चाची म्हणायची, "हात ढिल्ला सोड, भिऊ नगं. भ्यालेल्या हातातच काच फुटती." ह्या वाक्यावर माझी नोकरी टिकली असं म्हटलं तरी चालेल. रिह्याला एका वस्तीवर तापाची साथ होती आणि बायका रक्त द्यायला तयार नव्हत्या. सरकार रक्त विकतं, एका थेंबानं मूल होत नाही, काय काय समजुती! मी उन्हात दोन तास उभा. तेवढ्यात चाची पेटी घेऊन आली, माझं तोंड बघितलं, आणि स्वतःचं बोट माझ्यापुढं केलं. "टोच." मी टोचलं. मग तिनं एकेकीचा हात बांगडी भरायला धरावा तसा धरला, "ढिल्ला सोड, ढिल्ला सोड" म्हणत राहिली, आणि मी सुई टोचत गेलो. त्या दिवशी वस्तीतल्या निम्म्या बायांनी बांगड्या भरल्या आणि सगळ्यांनी रक्त दिलं. येताना म्हणाली, "मच्छर, तू सोता भितोस म्हनून त्या भित्यात. सुई तुझ्या हातात हाय आन् तूच थरथरतुयास."

हे सगळं मी हसत लिहितो आहे, पण इथून पुढचं हसत लिहिता येत नाही.

पहिली खूण मी पाहिली आणि तिच्यावर विनोद केला. एके सकाळी चाचीनं चहा बशीत ओतला. फुंकर घातली. मी म्हटलं, "अरे वा! आज मढ्याला मिठी का?" ती हसली नाही. "उष्णता झालीया," म्हणाली आणि बशी अर्धीच पिऊन ठेवली. मला त्यात काही वाटलं नाही. काचपट्टीवर मोहरीच्या शंभराव्या भागाएवढा जंतू शोधणारा मी, पण डोळ्यांसमोरचं माणूस काही मला दिसलं नाही.

मग रमजान आला. चाचीनं रोजे दरवर्षीसारखे धरले. ईदनंतरचे सहा रोजेही धरले, त्यातही नवल नव्हतं. पण ते संपल्यावर ती थांबेना. शेजारी देवळाची पूजा बघणारी गुरवीणमावशी होती, चाचीची जिवलग. तिचा सोमवार असायचा, तो चाचीनं धरला. "तुमच्या म्हादेवानं काय माजं वाकडं करायचंय?" असं म्हणून दिवसभर नुसत्या दुधावर राहायची. मग गुरुवार धरला, पिराच्या नावानं. मग मंगळवार, मग शनिवार, मधूनच चतुर्थी, एकादशी. आठवड्यात जेवायचे दिवस दोन उरले आणि त्या दोन दिवशी "पोट जड झालंय" म्हणून भाताची पातळ पेज. आळीतल्या बाया कौतुक करायच्या. गुरवीणमावशी तर डोळ्यांत पाणी आणून म्हणायची, "आमच्यातल्या बायांना जमंना ते हिला जमतंय. लई पुण्यवान बाई!" पोरीचं लग्न जमावं म्हणून आई नवस फेडते आहे, असा सगळ्यांचा समज. माझाही तोच. उपास करणाऱ्या बाईला 'का जेवत नाहीस' असं आपल्याकडे कुणी विचारत नाही, हे चाचीनं पुरतं ओळखलं होतं.

एका दुपारी मी फिरतीवरून लवकर परतलो. सायकल पंक्चर झाली म्हणून. हात धुवायला मागच्या न्हाणीकडे गेलो तर चाची भिंतीला हात टेकवून वाकली होती. तिच्या पुढ्यात भात पडला होता. ओकारी म्हणावी तर ती ओकारी नव्हती. शिताला शीत तसंच होतं, पोटात गेलेलंच नव्हतं. तिनं तोंड पुसलं, वळली, आणि मला बघितलं. मी आयुष्यात पुष्कळ वेळा भ्यालो आहे, पण त्या क्षणाइतका कधीच नाही. कारण चाचीच्या डोळ्यांत मला भीती दिसली. ती बाई भिऊ शकते, हेच मला माहीत नव्हतं.

"किती दिवस झाले?" मी विचारलं.

"रमजानच्या आदीपास्नं. घास हितं अडतो." तिनं छातीच्या मधोमध बोट ठेवलं. "आदी भाकर अडायची, आता भात अडतो. पेज जाती अजून."

"चाची, आत्ताच्या आत्ता दवाखान्यात चला."

"गप." तिनं न्हाणीचं दार लोटलं. "माजी आई अशीच गेली. घास अडला, मग पानी अडलं, मग काय ऱ्हायलंच न्हाई. रशिदाचं मानगावचं स्थळ आलंय. त्यांनी पयल्यांदा काय इचारलं ठावं हाय? पोरीची आजी कशानं गेली? मी तापानं म्हनून सांगितलं. आता आई बी त्यातच म्हटल्यावर ते पोर घेतील व्हय? म्हनतील, ह्यांच्या रगतातच हाय."

मी म्हटलं, "हा रोग असा रक्तातून उतरत नाही." तेव्हा मला ते नक्की ठाऊकही नव्हतं, पण म्हटलं.

"तुला म्हाईत. त्यांना कोन सांगनार?" मग तिनं माझा हात धरून स्वतःच्या गळ्यावर ठेवला. गळा गरम होता आणि आत काहीतरी वरखाली होत होतं. "माज्या गळ्याची शपथ हाय तुला. निकाह हुईस्तवर कुनाला बोलायचं न्हाई. चाचाला न्हाई, रशिदाला तर मुळीच न्हाई, दवाखान्यात न्हाई. मोडलीस तर माजं मेलेलं तोंड बघशील."

आता तुम्ही म्हणाल, शिकलासवरलेला माणूस तू, सूक्ष्मदर्शक बघणारा. खरं आहे. पण जिच्या गळ्याची शपथ घेतली, ती मोडली तर ते माणूस मरतं, हे मी बाराखडीच्या आधी शिकलो होतो. सूक्ष्मदर्शक पुष्कळ नंतर आला.

निकाहाला पाच महिने होते. ते पाच महिने मी कसे काढले, माझं मला ठाऊक. ताटावर बसलो की माझाच घास अडायचा. चाची समोर बसून पेजेचा एक घोट घ्यायची, थांबायची, त्यावर पाण्याचा घोट, परत थांबायची, आणि ते थांबणं मला ऐकू यायचं. तिचा आवाज बसत चालला. बाजारात ती 'बांगड्या' म्हणून पुकारायची ते बंद झालं. रशिदा खाली मान घालून वाढायची आणि मी खाली मान घालून जेवायचो. पूर्वीची थट्टा गेली. मला वाटायचं, लग्न जवळ आलं म्हणून पोर गप्प झाली.

एकदाच मी मनाचा हिय्या केला. दवाखान्यातल्या डॉक्टरांना म्हटलं, "साहेब, माझ्या गावाकडं एक बाई आहे, तिला घास गिळताना त्रास होतो." त्यांनी पेन खाली ठेवलं. "वजन उतरलंय?" मी म्हटलं, हो. "मिश्री लावते?" हो. "चहा फार कडक गरम पिते?" हो म्हटलं. ते म्हणाले, "मग इथं कशाला विचारतोस? उद्या तिला पुण्याला ने. उद्या म्हणजे उद्या. अन्ननलिकेचा कॅन्सर असला तर एकेक आठवडा महत्त्वाचा." मी बरं म्हटलं आणि घरी आलो. दारातून चाची ओरडली, आवाज फाटलेला, "आला गं मच्छर." मी जेवलो आणि झोपलो. बस, एवढंच केलं मी.

लोकांना काही कळलं नाही ह्याला आणखी एक कारण होतं, आणि ते माझ्याशिवाय कुणाच्या ध्यानात आलं नाही असं मी कित्येक वर्षं समजत होतो. बाई वाळली की आधी तिच्या बांगड्या बोलतात. मनगटावरच्या कोपरापर्यंत जातात, भांडी घासताना खळखळून खाली येतात. चाचीच्या बांगड्या कधी हलल्याच नाहीत. हिरव्यागार, मनगटाला घट्ट बसलेल्या. आळीतल्या बाया बघायच्या आणि म्हणायच्या, उपास करते पण अंगानं हाय तशीच हाय. मीही तिच्याच पायाशी थोडंसं शिकलो होतो. नीट पाहिलं तेव्हा कळलं की पूर्वी अडीचच्या होत्या, आता सव्वादोनच्या आहेत. हात उतरत होता तशी ती माप उतरवत होती. निकाहाच्या दिवशी तिच्या हातात लहान पोरीच्या मापाच्या बांगड्या होत्या आणि पदर अंगभर घट्ट लपेटलेला होता. माणगावच्या विहिणीनं तिचे दोन्ही हात हातात घेतले. मी मंडपाच्या खांबाला धरून उभा होतो. वाटलं, आता तिला कळणार. पण तिचे हात पाहून विहीण म्हणाली, "किती भरल्या हातांची हाय ओ आमची ईन!" चाची हसली. बिर्याणीचं ताट सगळ्यांना आग्रहानं वाढत फिरली आणि स्वतः म्हणाली, आज माझा रोजा आहे.

रशिदाची पाठवणी झाली त्याच्या दुसऱ्या सकाळी चाची माझ्या खोलीच्या दारात पिशवी घेऊन उभी राहिली. "चल, मच्छर. आता कुटं न्यायचंय तितं ने."

पुण्याच्या मोठ्या इस्पितळात त्यांनी नळी घालून आतला तुकडा काढला, तपासायला पाठवला. चाचांना ऐकू येत नव्हतं म्हणून डॉक्टर जे काही सांगायचे ते मला सांगायचे आणि मी चाचांच्या कानाशी ओरडायचो. अख्ख्या वॉर्डाला कळेल असं मला ओरडावं लागलं, "पसरलाय. मानेच्या गाठींत गेलाय. यकृतात गेलाय." चाचा म्हणाले, "काय?" मी परत ओरडलो. पोटाला भोक पाडून नळीनं खाणं घालता येईल, असं डॉक्टर म्हणाले. चाची पुटपुटली, "जलमभर बायांच्या हातात काच घातली, आता माज्या पोटात रबर घालनार व्हय? घरला चला."

भात कापणीला यायच्या आधी ती गेली. शेवटी पाण्याचा थेंबही उतरत नव्हता, कापसानं ओठ ओले करायचे. रशिदा माणगावहून आली होती, पायाशी बसलेली असायची. शेवटच्या दिवसांत एकदा चाचीनं मला जवळ बोलावलं. मी कान तोंडाशी नेला. म्हणाली, "शपथ पाळलीस. पोटचं पोर असतं तर पाळली नसती." ती शाबासकी होती. माझ्यासाठी तिच्याहून मोठी शिक्षा नाही.

पुढं मी पौड सोडलं. प्रयोगशाळेचं शिक्षण घेऊन पुण्याच्या त्याच इस्पितळात तपासणीच्या विभागात लागलो. तुकडे मेणाच्या ठोकळ्यात बसवायचे, त्यांचे कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप काढायचे, रंगवायचे. ह्या कामात भिऊन चालत नाही, आणि हात ढिला सोडायला मला चाचीनंच शिकवलं होतं. ऐंशीच्या दशकाच्या मध्याला आमच्या विभागात एक डॉक्टरीणबाई आल्या. त्यांचा अभ्यास अन्ननलिकेच्या कॅन्सरचाच. त्यांना त्यात एक प्रथिन शोधायचं होतं. मी विचारलं तेव्हा त्यांनी मला कळेल असं सांगितलं. "हे प्रथिन पेशीच्या अंगावर असतं. बाहेरून 'वाढ' असा निरोप आला की ते तो आत पोचवतं. चांगल्या पेशीवर ते बेताचं असतं. ह्या रोगात काही गाठींत बेसुमार होतं. मग पेशी वाढतच सुटते. शेजारच्या पेशीला धरून राहायचं सोडते, आणि दूर जाऊन घर करते. निदान मला तसं वाटतं. नवा रंग आला आहे, प्रथिन जिथं असेल तिथं तपकिरी दिसतं. जुने ठोकळे काढा, आपण बघू."

जुने ठोकळे! मी रजिस्टर उघडलं. पानं उलटत गेलो आणि चाचीचं नाव सापडलं. माणूस मातीत जाऊन कितीतरी पावसाळे झाले, आणि तिच्या घशातला मसुराएवढा तुकडा मेणात तसाच बसला होता.

काप मीच काढला. रंग मीच घातला. रंग चढायला काही मिनिटं लागतात, तेवढा वेळ मी खुर्चीत बसून काय करत होतो ते आज पहिल्यांदाच लिहितो आहे. मी देवाला विनवत होतो की रंग गडद येऊ दे. गडद आला म्हणजे प्रथिन बेसुमार, म्हणजे रोग पहिल्यापासूनच धावत सुटलेला, म्हणजे पाच महिने आधी बोललो असतो तरी काही झालं नसतं. फिका आला तर मात्र मी तिला मारलं. ज्या बाईनं मला दोन वर्षं जेवू घातलं, तिला सगळ्यात वाईट रोग असू दे, अशी प्रार्थना मी करत होतो. एवढा नीच भित्रेपणा मी आयुष्यात दुसरा केला नाही.

रंग गडद आला. पेशीपेशीभोवती तपकिरी कडं. मी डॉक्टरीणबाईंना दाखवलं आणि सगळं सांगून टाकलं. त्यांनी बराच वेळ बघितलं. मी म्हटलं, "म्हणजे मॅडम, ही वाचलीच नसती ना?"

"तुम्हाला मी 'हो' म्हणायला हवं आहे," त्या हळूच म्हणाल्या. "पण ह्या काचेवरून एका माणसाचं सांगता येत नाही. शंभर जणांचं बघून मी कदाचित काही बोलू शकेन. हिचं नाही. पाच महिने आधी आणली असती तर वाचली असती का? असेलही. नसेलही."

ती काचपट्टी मी खोक्यात ठेवली आणि भीती बरोबर घेऊन घरी गेलो.

त्यानंतर वर्षभरात रशिदा माझा पत्ता शोधत इस्पितळात आली. अंगानं भरलेली, दोन मुलांची आई, पण चेहरा पांढराफटक. बाकावर बसली आणि म्हणाली, "दादा, माजा बी घास अडतोय. छातीत जळतंय. आईगत." तिला मी हात धरून दुर्बिणीच्या तपासणीला नेलं. आतून डॉक्टर बाहेर येईपर्यंत मी त्या भिंतीवरच्या फरश्या मोजत होतो. डॉक्टर म्हणाले, काही नाही, पित्तानं आत लाल झालं आहे, गोळ्या घ्या. तरी मी तुकडा घ्यायला लावला, तो स्वतः रंगवला, डॉक्टरीणबाईंकडून दोनदा बघून घेतला. स्वच्छ होता. त्यांनी रशिदाला समजावून सांगितलं, की हा रोग दागिन्यासारखा आईकडून लेकीकडे सहसा येत नाही, मिश्री आणि उकळता चहा ह्यांचाच त्यात मोठा हात असावा, ते दोन्ही सोड. रशिदा म्हणाली, "चा तर मी आई गेल्यापास्नं गारच पिते."

मग आम्ही कँटीनमध्ये बसलो. दोघांसाठी चहा मागवला आणि दोघंही त्याला हात न लावता बसून राहिलो. मला राहवलं नाही. मी म्हटलं, "रशिदा, मला तुझी माफी मागायचीय. तुझ्या निकाहाच्या पाच महिने आधीपासून मला माहीत होतं. चाचीनं गळ्याची शपथ घातली होती, तुला मुळीच सांगायचं नाही म्हणून. मी बोललो असतो तर कदाचित..."

मला वाटलं, आता ही उठून जाईल. गेली असती तरी मला चाललं असतं.

"दादा," ती म्हणाली, "तिला बांगड्या कोन भरत हुतं?"

मी तिच्या मनगटांकडे बघितलं.

"अडीचच्या काढून सव्वादोनच्या मीच भरल्या. मग त्याच्या खालच्या. निकाहाच्या दिवशी पोरीबाळींच्या मापाच्या भरल्या, बोटं दाबून दाबून. हाडं लागत हुती माज्या हाताला. ती म्हनत हुती, ढिल्ला सोडलाय मी, तू भिऊ नगंस." तिनं पदरानं डोळे पुसले. "मी म्हटलं हुतं, मला न्हाई करायचं लगीन, आदी तुला दवाखान्यात न्हेते. तर तिनं माजा हात धरून गळ्यावर ठेवला. म्हनाली, कुनाला बोललीस तर माजं मेलेलं तोंड बघशील. मच्छरला तर मुळीच सांगू नगं, तो भित्रा हाय, दवाखान्यात जाऊन बोंबलंल."

पाच महिने! पाच महिने ती पोर माझ्यासमोर पेज गाळत होती, आणि मी तिच्यासमोर मान खाली घालून जेवत होतो. दोघांना ठाऊक होतं आणि दोघं एकमेकांपासून लपवत होतो. चाचा बहिरे होते, आम्ही नव्हतो. ताटावर एकदा कुणी वर बघितलं असतं, 'तुला माहीत आहे का' एवढे चार शब्द बोललं असतं, तर दोघांनी मिळून चाचीला उचलून एस.टी.त घातलं असतं. ती शिव्या देत गेली असती, पण गेली असती.

संध्याकाळच्या गाडीनं रशिदा माणगावला गेली. त्यानंतर मला एक वाईट खोड लागली आहे, आणि तिच्यावरून घरात अजून भांडणं होतात. कुणी मला शपथ घालून काही सांगितलं, की मी उठतो आणि ज्याला सांगायचं त्याला जाऊन सांगतो. बहिणीच्या छातीतली गाठ तिच्या नवऱ्याला सांगितली, ती वर्षभर माझ्याशी बोलली नाही. बोलली नाही, पण आहे. लोक म्हणतात, ह्याच्या पोटात काही राहत नाही, ह्याला शपथेचं भय नाही.

भय आहे. शपथ मोडली तर ज्याची घातली ते माणूस मरतं, असं आम्हाला लहानपणापासून सांगितलेलं. रशिदानं आणि मी, आम्ही दोघांनीही ती पाळली होती.